‘टी(९;२२)’ म्हणजे काय? रक्ताच्या कॅन्सरमधला गुणसूत्रांचा रिपोर्ट समजून घेताना

रक्ताच्या कॅन्सरची शंका आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्या घरांत कागद साधारण एकाच क्रमाने येतात. आधी सीबीसी : पांढऱ्या पेशी लाखाच्या वर, नाहीतर प्लेटलेट्स वीस हजारांपर्यंत उतरलेल्या. मग स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून तपासलेलं रक्त, मग कमरेच्या हाडातून काढलेल्या बोन मॅरोचा रिपोर्ट. आणि सगळ्यात शेवटी, आठ-पंधरा दिवसांनी, पट्टेदार कांड्यांच्या जोड्यांचा फोटो असलेलं एक पान. तोवर घरच्यांनी ‘ल्युकेमिया आहे’ एवढं ऐकलेलं असतं आणि हे पान फायलीत मागे जातं. वास्तविक रोज एक गोळी घेऊन कामाला जायचं, आज रात्रीच ॲडमिट व्हायचं की दोन-तीन वर्षं नुसतं लक्ष ठेवायचं, याचा निकाल बऱ्याचदा त्याच पानावर असतो.

आनुवंशिक नव्हे

माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या. १ ते २२ यांना आकडे आहेत, शेवटची जोडी बाईमध्ये एक्सएक्स आणि पुरुषात एक्सवाय. प्रत्येक गुणसूत्राला एक आखूड भुजा असते, तिला ‘पी’ म्हणतात, आणि एक लांब, ती ‘क्यू’. बोन मॅरोत रोज अब्जावधी पेशी तयार होतात. दर वेळी सगळी गुणसूत्रं नकलून काढावी लागतात आणि त्यात कधी तुकडे तुटतात. दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले तर ट्रान्सलोकेशन, तुकडा गळाला तर डिलिशन, तुकडा जागच्या जागी उलटा बसला तर इन्व्हर्शन. कधी अख्खं गुणसूत्र जास्त होतं, कधी कमी.

हा बिघाड मॅरोतल्या किंवा गाठीतल्या एका पेशीत होतो आणि तिच्याच वंशात राहतो. आईवडिलांकडून तो आलेला नसतो, मुलाबाळांत जात नाही. रिपोर्टवर ‘गुणसूत्रदोष’ वाचून घरातल्या मुलीचं जमलेलं लग्न मोडायची वेळ येते, म्हणून हे ठासून सांगायला हवं. क्वचित काही कुटुंबांत ल्युकेमियाची जन्मजात प्रवृत्ती असते, पण ती वेगळी तपासणी आहे. जन्मतः असणारा आणि ल्युकेमियाशी नातं असणारा ओळखीचा बदल म्हणजे डाऊन सिंड्रोम, २१ नंबरचं गुणसूत्र तिप्पट. अशा मुलांत ल्युकेमियाचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. त्यांच्यापैकी काही तान्ह्या बाळांत ल्युकेमियासारखं चित्र दिसून ते बहुतेक वेळा आपोआप ओसरतंही. मात्र अशा बाळावर पुढची चार-पाच वर्षं नजर ठेवावी लागते.

‘कशामुळे झालं?’ याला एका रुग्णापुरतं उत्तर सहसा नसतं. बेन्झीन, विडी-सिगारेट, किरणोत्सर्ग यांचा संबंध सिद्ध आहे. आधीच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या केमोचाही आहे. एटोपोसाइडसारख्या औषधांनंतर एक ते तीन वर्षांत ११ क्यू २३ या जागेचा बिघाड दिसतो, सायक्लोफॉस्फामाइडच्या जातीच्या औषधांनंतर पाच-सात वर्षांनी ५ किंवा ७ नंबरचं गुणसूत्र गळतं. म्हणून पूर्वी स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ती जुनी फाईल दाखवायचीच.

ओळ कशी वाचायची

रिपोर्टवर इंग्रजी अक्षरांत असलेली ही एक ओळ आपल्या लिपीत उतरवू :

४६,एक्सवाय,टी(९;२२)(क्यू३४;क्यू११.२)[१८]/४६,एक्सवाय[२]

गुणसूत्रं ४६, रुग्ण पुरुष. ‘टी’ म्हणजे ट्रान्सलोकेशन, ९ आणि २२ यांच्यात. तुटलेल्या जागा : ९ च्या लांब भुजेवर ३४ वा पट्टा, २२ च्या लांब भुजेवर ११.२. चौकटी कंसातला आकडा पेशींचा. वीस पेशी मोजल्या, अठरांत बिघाड आहे, दोन निरोगी. तिरप्या रेघेने दोन्ही गट वेगळे केलेत. ‘डेल’ म्हणजे तुकडा गळाला, ‘इन्व्ह’ म्हणजे उलटा बसला. अधिक चिन्ह म्हणजे गुणसूत्र जास्त, उणे म्हणजे कमी. एखादा जादाचा किंवा तुटफुटीचा बदल निदान दोन पेशींत आणि गुणसूत्र गळाल्याचा बदल निदान तीन पेशींत दिसला तरच तो खरा धरतात.

दोन गोष्टींनी लोक उगीच धास्तावतात. ‘इन्व्ह(९)’ हा ९ नंबरचा मधला भाग उलटा असण्याचा प्रकार बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो आणि कित्येक धडधाकट माणसांत सापडतो. आणि वयस्कर पुरुषांत ‘उणे वाय’ बऱ्याचदा फक्त वयाचं लक्षण असतं.

उलट ‘नॉर्मल’ लिहिलेलं पाहून निर्धास्तही होऊ नये. मोठ्या माणसांच्या एएमएल या तीव्र ल्युकेमियात जवळपास निम्म्यांचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांच्या जोड्यांचं हे चित्र, नॉर्मल येतो. बिघाड इतका बारीक असतो की पट्ट्यांत दिसत नाही, तिथे एफएलटी३ आणि एनपीएम१ या जनुकांची तपासणी मागावी लागते. कधी कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्याच नाहीत आणि निरोगी पेशीच मोजल्या गेल्या, असंही होतं.

म्हणून जोडीला फिश आणि पीसीआर असतात. फिशमध्ये ठरावीक जागेला चमकणारा रंग चिकटवतात आणि साधारण २०० पेशी मोजतात. पेशी विभागत असायला लागत नाहीत, उत्तर दोन-चार दिवसांत येतं. पण फिशला जेवढं विचाराल तेवढंच ती सांगते. ९-२२ चा रंग लावला तर ८-२१ दिसणार नाही. पीसीआर ठरावीक जनुकाच्या असंख्य नकला काढून ते शोधते, म्हणून लाख पेशींतली एक वाईट पेशीही पकडू शकते, तिचा खरा उपयोग उपचार सुरू झाल्यावर.

९ आणि २२ : गोळीवर आलेला आजार

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएल या सावकाश चालणाऱ्या ल्युकेमियाच्या रुग्णांत एक बुटकं गुणसूत्र दिसलं. ते ९ आणि २२ यांच्या अदलाबदलीतून होतं हे जॅनेट रॉली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. ९ वरचं एबीएल जनुक २२ वरच्या बीसीआरला जोडलं जातं. एबीएल एरवी गरजेपुरतं काम करतं. जोडलेलं बीसीआर-एबीएल मात्र थांबतच नाही आणि पांढऱ्या पेशी वाढतच राहतात. याच जोड-प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. भारतात ग्लिव्हेकच्या, म्हणजे याच गोळीच्या मूळ ब्रँडच्या, पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, जेनेरिक गोळी आपल्याकडे मिळते.

नेहमीचा डोस ४०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, भरपेट जेवणानंतर मोठा पेलाभर पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी घेतली की उलटी होते आणि मग माणूस गोळीच टाळायला लागतो. बीसीआर-एबीएलची पीसीआर दर तीन महिन्यांनी. तिसऱ्या महिन्याला आकडा १० टक्के किंवा खाली, सहाव्याला १ टक्का, बाराव्याला ०.१ टक्का, अशी अपेक्षित उतरण. रिपोर्टवर ‘इंटरनॅशनल स्केल’ लिहिलेलं आहे का ते बघा, नसेल तर दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. शक्यतो दर वेळी एकच लॅब ठेवा.

आकडा उतरत नसेल तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो गोळ्या चुकण्याचा, आणि उत्तर बहुधा तिथेच सापडतं. सीबीसी महिना-दोन महिन्यांत छान होते, अंगात जोर येतो, सुगी असते, कारखान्याचा ऊसतोडीचा हंगाम असतो, गोळी राहून जाते. सीबीसी नॉर्मल असतानाही आजार आत लाखो पेशींत शिल्लक असतो. पुरेशा गोळ्या घेऊनही आकडा चढला तर एबीएलमधल्या म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बारीक बदलाची, तपासणी करून डासाटिनिब किंवा निलोटिनिबसारखं औषध निवडतात. बाईला मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. या गोळ्या गर्भाला घातक आहेत, आणि परस्पर बंद करणंही धोक्याचं.

हीच ९-२२ अदलाबदल मोठ्या माणसांच्या एएलएल या लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशींच्या ल्युकेमियातही साधारण चारात एकाला सापडते. तो आजार तीव्र, तिथे गोळी केमोच्या जोडीला द्यावी लागते. आजाराच्या नावापेक्षा गुणसूत्राचं नाव जास्त सांगतं ते असं.

१५ आणि १७ : इथे रिपोर्टची वाट बघायची नाही

एएमएलचा एक प्रकार आहे, एपीएल. १५ आणि १७ यांची अदलाबदल, पीएमएल-आरएआरए हे जोड-जनुक. त्यातल्या पेशींत रक्ताचं गोठणं बिघडवणारे कण भरलेले असतात. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, पाळी न थांबणं आणि अचानक मेंदूत रक्तस्राव. पहिल्या आठवड्यात दगावणारे बहुतेक रक्तस्रावानेच जातात.

आणि हाच मोठ्या माणसांच्या तीव्र ल्युकेमियातला सर्वांत बरा होणारा प्रकार आहे. एट्रा नावाच्या कॅप्सूल आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइडची सलाइन, एवढ्यावर कमी धोक्याच्या गटातले, म्हणजे सुरुवातीला पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आत असलेले, दहापैकी नऊजण बरे होतात, नेहमीच्या केमोशिवाय. म्हणून स्मिअर बघून पॅथॉलॉजिस्टने ‘एपीएल वाटतोय’ असं म्हटलं की एट्रा त्याच दिवशी सुरू करायची असते, फिशचं उत्तर नंतर येऊ दे. शंका खोटी ठरली तर दोन दिवसांच्या कॅप्सूलनी काही बिघडत नाही. प्लेटलेट्स आणि फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन भरत राहावं लागतं. सोय नसलेल्या गावातून हलवायचं असेल तर प्लेटलेट्स चढवून, पहिला डोस देऊन, रुग्णवाहिकेने, आणि पुढच्या हॉस्पिटलला आधी फोन करून. ‘सोमवारी मुंबईला नेऊ’ हे या आजारात चालत नाही.

औषध सुरू झाल्यावर ताप, धाप लागणं, वजन भराभर वाढणं यांतलं काही दिसलं तर लगेच सांगायचं. एट्रामुळे पेशी एकदम पक्व होताना ही गुंतागुंत येते, डेक्सामेथासोनने ती आटोक्यात येते.

बाकीच्या एएमएलमध्ये ८-२१ ची अदलाबदल किंवा १६ नंबरचं इन्व्हर्शन असेल तर केमोला प्रतिसाद चांगला असतो. ५ किंवा ७ गळालेलं असेल, किंवा एकाच वेळी तीन-चार बिघाड असतील, तर फक्त केमोवर भरवसा ठेवता येत नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार पहिल्याच महिन्यात सुरू करावा लागतो, भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे कुणाचा मॅरो जुळतो ते, तेव्हाच करून घ्यायची.

मुलांच्या एएलएलमध्ये १२-२१ ची अदलाबदल बरी मानतात, पण ती पट्ट्यांत दिसत नाही कारण बदललेले तुकडे दिसायला सारखेच असतात. ती फिश किंवा पीसीआरनेच कळते. गुणसूत्रं ५१ ते ६५ असतील तर तेही चांगलं लक्षण, ४४ पेक्षा कमी असतील तर वाईट. वर्षाच्या आतल्या बाळांत बहुतांश वेळा ११ क्यू २३ ची तुटफूट असते आणि तो आजार हट्टी असतो.

लिम्फोमा : चुकीच्या जागी जोडलेला ऑटो-स्टार्टर

लिम्फोमा गाठींतला, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा. यातल्या बी-पेशींचं काम अँटिबॉडी बनवणं, म्हणून १४ नंबरवरचं आयजीएच हे जनुक त्यांच्यात रात्रंदिवस चालू असतं. ऊसपट्ट्यात बोअरला ऑटो-स्टार्टर लावतात, लाईट आली की मोटार आपोआप सुरू. तो स्टार्टर भलत्याच मोटारीला जोडला गेला तर नको तिथे पाणी वाहत राहणार. लिम्फोमात हेच होतं : १४ चा स्टार्टर दुसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकाला जोडला जातो, आणि आजाराचा स्वभाव ते जनुक कुठलं यावर ठरतो.

८ वरच्या मिक जनुकाला जोडला तर बर्किट लिम्फोमा. पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात, मुलाच्या पोटातली गाठ आठवड्यात दिसण्याइतकी वाढते. इथे केमो सुरू होताच पेशी एवढ्या फुटतात की युरिक ॲसिड आणि पोटॅशियमने किडनी बंद पडू शकते. म्हणून आधी भरपूर सलाइन आणि ॲलोप्युरिनॉल किंवा रासब्युरिकेज. १८ वरच्या बीसीएल२ ला जोडला तर फॉलिक्युलर लिम्फोमा. बीसीएल२ पेशीला मरू देत नाही, म्हणून गाठ सावकाश वाढते आणि त्रास नसेल तर कधी वर्षानुवर्षं फक्त तपासत राहतात. ‘कॅन्सर आहे आणि औषध नाही’ हे घरच्यांच्या गळी उतरत नाही, पण तो हलगर्जीपणा नसतो. हीच १४-१८ अदलाबदल अगदी थोड्या पेशींत निरोगी माणसांच्या रक्तातही सापडते, तेवढ्याने लिम्फोमा होत नाही. ११ वरच्या सायक्लिन डी१ ला जोडला तर मँटल सेल लिम्फोमा, तो बहुधा अधिक आक्रमक. एकाच गाठीत मिक आणि बीसीएल२ दोन्ही तुटलेले असतील तर ‘डबल हिट’, त्याला नेहमीची आर-चॉप केमो सहसा पुरत नाही.

पोटाच्या माल्ट लिम्फोमाचं वेगळंच आहे. एच. पायलोरी जंतूवरच्या अँटिबायोटिकच्या कोर्सनेच तो बऱ्याचदा विरघळतो. पण ११-१८ ची अदलाबदल असेल तर बहुधा नाही. फिश केली नाही तर कोर्सवर कोर्स होत राहतात.

सीएलएल हा लिम्फोसाइट पेशींचा ल्युकेमिया, उतारवयातला आजार. १३ क्यू एवढंच गळालेलं असेल तर तो संथ असतो. १७ पी गळालेलं असेल तर त्याच्याबरोबर टीपी५३ जनुकही जातं आणि जुनी केमो जवळपास निरुपयोगी ठरते. तिथे आयब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्स लागतं. १७ पी नंतरच्या काळातही गळू शकतं, म्हणून दर नव्या उपचाराआधी फिश पुन्हा.

सॅम्पल कुठे बिघडतं

पट्ट्यांच्या तपासणीला जिवंत पेशी लागतात. प्रयोगशाळा त्या ३७ अंशांवर एक-दोन दिवस वाढवते, कोल्सेमिड घालून विभागणीच्या मध्यावर थांबवते, पातळ क्षारद्रावात फुगवते, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक ॲसिडमध्ये पक्क्या करते, मग ट्रिप्सिन आणि गीम्साने पट्टे उठवते. पेशी वाटेत मेल्या तर पुढचं सगळं फुकट, रिपोर्टवर ‘कल्चर फेल्युअर’ येतं आणि रुग्णाला पुन्हा सुई सोसावी लागते.

आपल्या भागातून सॅम्पल मुंबईला किंवा बेंगळुरूला जातं, म्हणून वेळ सांभाळायची. कॅरिओटाइपचं सॅम्पल हिरव्या टोपणाच्या हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये, पीसीआरचं जांभळ्या टोपणाच्या ईडीटीएमध्ये. ट्यूबची अदलाबदल झाली तर ईडीटीएत पेशी नीट वाढत नाहीत आणि हेपॅरिन पीसीआरची प्रक्रिया अडवतं. मॅरो दोन-तीन मिलिलिटर, शक्यतो सुरुवातीच्या ओढीतला. नंतर सुईत नुसतं रक्तच येतं. ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करायची, नाहीतर गुठळी. २४ तासांत पोहोचलं तर उत्तम, ४८ च्या पुढे आशा कमी. फ्रीझरमध्ये नाही, बर्फाला चिकटवून नाही, आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर नाहीच. शनिवारी दुपारी काढलेलं सॅम्पल रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडून राहतं. तातडी नसेल तर सोमवार ते गुरुवारच्या सकाळी काढून घ्या.

याहून मोठी चूक सॅम्पलच्या आधी होते. गळ्यात गाठ आली, ताप आला, की डेक्सामेथासोनचं इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मिळतात. गाठ बसते, बरं वाटतं. लिम्फोसाइट पेशी स्टेरॉइडने मरतात, मग बायोप्सीत मेलेल्या पेशीच सापडतात आणि निदान महिनाभर मागे जातं. दुसरं टीबीचं. गाठ म्हणजे टीबी असं धरून तपासणीशिवाय औषधं सुरू करतात. टीबी आपल्याकडे आहेच, पण गाठ सुईने तपासून भागत नसेल तर ती अख्खी काढून बायोप्सीला पाठवावी, आणि दोन महिन्यांत टीबीच्या औषधाने उतार नसेल तर थांबू नये. गाठ फॉर्मलिनमध्ये गेली की पट्ट्यांची तपासणी होत नाही, पण मेणाच्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवून जपलेल्या तुकड्यावर, फिश होते. मॅरोचा हाडाचा तुकडा मऊ करायला तीव्र ॲसिड वापरलं असेल तर त्यातला डीएनए खराब होतो. तपासणी लागणार असेल तर ईडीटीएने मऊ करा, असं आधीच कळवावं लागतं.

दोन राज्यांतली फाईल

बेळगावात सिव्हिल आणि केएलई, पुढे हुबळीचं कॅन्सर हॉस्पिटल, बेंगळुरूचं किदवई, मिरज-कोल्हापूर, नाहीतर थेट मुंबईचं टाटा. सीमाभागातला रुग्ण यांतल्या दोन-तीन ठिकाणी तरी फिरतो, आणि दर ठिकाणी मॅरो पुन्हा काढावा लागतो तो बहुतेक कागदांअभावी. मूळ रिपोर्ट, त्यातले फोटो, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यायचे. अर्ज केला की देतात. उपचार सुरू झाल्यावर काढलेल्या मॅरोत मूळ बिघाड दिसेलच असं नाही, म्हणून पहिल्या दिवसाचा रिपोर्ट हरवला की तो परत मिळवता येत नाही.

नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे सगळीकडे एकच ठेवा. इकडच्या कचेऱ्यांत ‘मारुती’च्या शेवटी ‘टी’ऐवजी ‘टीएच’ येतो, मुंबईच्या लॅबमध्ये नुसता ‘टी’, आणि योजनेच्या कागदांत तो दुसरा माणूस ठरतो. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, मोठ्या आजाराला सहसा सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र मागतात. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आहे. सॅम्पल काढण्याआधी आरोग्यमित्राला नेमकं विचारा : फिश आणि पीसीआर पॅकेजमध्ये धरलेत की बाहेरून पैसे भरायचे, आणि सीएमएलच्या महिन्याच्या गोळ्या कुठून मिळणार.